वजन वाढणारा डबा

तारीख सतरा, ऑफिसातून, जेवणाच्या सुट्टीत

ती. आत्या,

तुझ्या उजव्या गुडघ्याला वाकून आणि डाव्याला लांबूनच नमस्कार (डाव्याला हात लावलेला चालत नाही, हे मी विसरलेलो नाही). मी इकडे बरा आहे. तूही बरी असशील असं लिहिणार होतो, पण मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की बरं असायला वेळ कुणाला आहे, म्हणून ते वाक्य सोडून देतो. दुकानाच्या बावन्न पायऱ्या अजून बावन्नच आहेत ना? गिऱ्हाइकं अजून खालूनच दोरीच्या टोपलीत कपडे टाकतात आणि तू वरून ओढतेस का? मध्यंतरी त्या टोपलीत बसून कुणाचं तरी मांजर तिसऱ्या मजल्यावर आलं आणि तू त्याला माप घेतल्याशिवाय सोडलं नाहीस असं कानावर आलं. खरं असेल तर कळव, खोटं असेल तर कळवू नको, कारण मी ते इथे दोघातिघांना सांगून बसलो आहे. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू पहिल्याच वाक्याला “किती?” म्हणतेस आणि माझी पुढची वाक्यं वाट फुटेल तिकडे पळतात. कागदावर तुला मधे बोलता येत नाही, एवढा एकच फायदा बघून बसलो आहे.

तर मुद्द्याचं. तुझ्या इमारतीतला तळमजल्यावरचा चष्मेवाला तीस तारखेला खोली सोडतो आहे, ती त्याने तुझ्यासाठी तीसपर्यंतच धरून ठेवली आहे, आणि अनामत चोवीस हजार. त्यातले अर्धे तुझे तयार आहेत, अर्धे मी देईन असं मी उन्हाळ्याच्या आधी म्हणालो होतो. त्यावर तू शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणाली होतीस, “म्हणालास, ऐकलं. धरलेलं मात्र नाही हं. तुला हिशोबात धरलं की पुढचे दोन महिने मलाच उपास.” हे मला लागलं नव्हतं असं मी तेव्हा म्हणालो. लागलं होतं. तर आत्या, बारा हजार जमले आहेत. हे वाक्य मी वेगळ्या ओळीवर, खाली रेघ मारून लिहिणार होतो, पण कागद थोडा आहे. बारा हजार आहेत, मी बसलो आहे तिथून सात पावलांवर आहेत, आणि ते मला घेता येत नाहीत. कसं ते सांगतो. पण पहिल्यापासून सांगावं लागेल, कारण मधूनच सांगायला घेतलं तर मलाही कळत नाही.

निघताना तू मला वही दिली होतीस आणि पुठ्ठ्याच्या आत पाच नियम लिहून दिले होतेस. पहिला, खर्च झाल्या दिवशीच लिही. तो मी पाळला. दुसरा, हातात पैसा आला की आधी त्याला काम नेमून दे, रिकामा पैसा उनाडक्या करत फिरतो. (हा नियम मी बरेचदा वाचला. ‘पैसा’ हा शब्द काढला तर तो सगळा माझ्यावरच लिहिल्यासारखा वाटतो. तसाच लिहिला होतास का?) तिसरा, एखादी वस्तू हवीशी वाटली की तीन दिवस थांब. इथून गोंधळ सुरू झाला. साबण संपला, तीन दिवस थांबलो. त्या तीन दिवसांबद्दल इथे लिहीत नाही. मग डोकं चालवलं की थांबायचंच आहे तर आधीपासून थांबून ठेवावं. म्हणजे पुढे काय काय हवंसं वाटेल त्याची यादी करायची, प्रत्येकापुढे तारीख घालायची, आणि तीन दिवस झाले की ती वस्तू पिकली असं समजायचं. एका शनिवारी अशा एकदम अकरा वस्तू पिकल्या. घडीचं स्टूल, भिंग, पावसाळी टोपी, बुटात घालायची लाकडी पट्टी, आणि एक वाजवायची पेटी, जिचे दोन सूर मुके आहेत आणि म्हणूनच ती स्वस्त मिळाली. सगळं नियम पाळूनच घेतलं. नियम पाळून मी इतका कफल्लक कधी झालो नव्हतो.

चौथा नियम, ‘किरकोळ’ हा कप्पा पगाराच्या दहाव्या भागाच्या वर जाऊ देऊ नको. मी पहिल्या महिन्याचा खर्च मांडला आणि लक्षात आलं की घरभाडं सोडलं तर माझ्या आयुष्यात सगळंच किरकोळ आहे. तेव्हा मी किरकोळचे भाग पाडले. किरकोळ एक, किरकोळ दोन, असं करत सातपर्यंत गेलो. आता एकही किरकोळ दहाव्या भागाच्या वर जात नाही. (हे चालतं की नाही ते मला अजून समजलेलं नाही. आकडे तर नियमात बसतात, पण वही बघून बरं वाटत नाही.) शिवाय कप्पे केले की ते एकमेकांशी वागायला लागतात, हे तू लिहिलं नव्हतंस. केसांच्या कप्प्याने चहाच्या कप्प्याला उसने दिले. चहा परत करत नाही. म्हणून दोन महिने मी केस कापलेले नाहीत, आणि चहा पिताना मला स्वतःचीच उधारी अंगावर असल्यासारखं वाटतं. चहाला व्याज लावावं म्हणून मी व्याज लावलं, तर ते भरायलाही मीच, घ्यायलाही मीच, आणि त्या व्यवहारात कसे कुणास ठाऊक आठ कमीच झाले.

आता पेंटरबद्दल. माझ्या खोलीत दुसरी खाट आहे तिच्यावर राहतो तो. भिंती रंगवतो, सभ्य आहे, घोरत नाही, भांडी घासतो. फक्त पैशाबद्दल त्याची अशी समजूत आहे की जो दिसतो तो सगळ्यांचा. चोरी नाही करत हं. सरळ तोंडावर मागतो. मी वही उघडून बसलो की खाटेवरून मान लांब करून विचारतो, “साबणात किती उरलेत?” मी म्हणतो, वीस. म्हणतो, “मग साबणातून दे ना वीस, पुढल्या आठवड्यात रंगाचे आले की घालतो परत साबणात.” आता त्याला नाही कसं म्हणायचं? मी पैसे नाहीत म्हणालो तर तो वहीवर बोट ठेवतो, “हे काय लिहिलंय मग?” तुझ्या पहिल्या नियमामुळे माझ्या प्रत्येक शिल्लकेला साक्षीदार आहे. एकदा मी त्याला म्हणालो, बाबा, हे बाजूला ठेवायचे पैसे आहेत. तर म्हणाला, “बाजूला म्हणजे कुठे? इथे तर बाजूच नाही, सगळी मिळून दहा बाय दहाची खोली.” त्याचंही खरं होतं. तेव्हा पाचवा नियम आठवला. सुटे पैसे आणि उरलेले पैसे खर्चू नकोस, हाताशी येणार नाहीत अशा जागी ठेव. अशी जागा माझ्या माहितीत एकच होती.

तुला मी बस डेपोत कामाला लागलो एवढंच कळवलं होतं, काय काम ते लिहिलं नव्हतं. मी ‘हरवले-सापडले’ खात्यात आहे. लांबच्या गाड्यांमध्ये लोक जे विसरून जातात ते हमालकाका संध्याकाळी हातगाडीवर घालून आणतात, मी त्याला बिल्ला बांधतो, नोंदवहीत लिहितो आणि फळीवर ठेवतो. लोक काय विसरतात म्हणून सांगू. छत्र्या तर एकसष्ट आहेत. एक कवळी आहे, वरची आणि खालची, दोन वेगळ्या गाड्यांत सापडलेली पण एकमेकांना बसणारी. प्लॅस्टरचा एक पाय आहे, ज्याचा मालक उतरून चालत गेला असं काका शपथेवर सांगतात. आमच्या वर हेडबाई आहेत. चष्मा साखळीला, रूळ हातात, बोलणं मोजकं. मला त्या ‘पाहुणे’ म्हणतात, कारण या टेबलावर चार महिन्यांच्या वर कुणी टिकलेलं नाही. मला पाच झाले. (हेही वेगळ्या ओळीवर लिहायला हवं होतं. याआधीच्या सात नोकऱ्यांत माझा सगळ्यात मोठा मुक्काम अकरा आठवड्यांचा, तोही बेकरीत, आणि तिथून मी गेलो नाही, बेकरीच बंद पडली.) भिंतीवर नियमांचा फलक आहे. वस्तू बघायच्या आधी मालकाने तिचं वर्णन सांगायचं. कुलूपबंद वस्तू आम्ही उघडायची नाही, वजन करून ठेवायची. नव्वद दिवसांत कुणी आलं नाही तर लिलाव. आणि खात्यातल्या माणसाला कुठल्याही वस्तूवर हक्क सांगता येणार नाही.

हा शेवटचा नियम वाचला आणि मला वाटलं, हीच ती जागा. जिथून मला काढताच येणार नाही अशी. बँकेत ठेवले की बँक आपल्याला काढू देते, हीच तिची खोड आहे, मी अनुभवलं आहे. तेव्हा मी एक बिस्किटांचा डबा घेतला (निळा, झाकणावर गलबताचं चित्र, शिडाला पोचा), गलबताच्या बरोबर पोटात पैसे टाकायला फट पाडली, दोन हजार चारशे आत घातले, कुलूप लावलं, किल्ली पेंटरकडे दिली. डबा ऑफिसात, किल्ली खोलीत, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. मग एका संध्याकाळी काकांच्या हातगाडीवर मीच तो ठेवला, आणि पाच मिनिटांनी मीच उचलून नोंदवहीत लिहिला. बिल्ला क्रमांक तीनशे चौदा, फळी चौथी, सापडल्याचे ठिकाण मागचे आसन, वजन सातशे चाळीस ग्रॅम. मी तो हरवला नव्हता, सापडलाही नव्हता, नुसता नोंदवला होता. दर शनिवारी पगार झाला की फळ्या पुसायच्या निमित्ताने बाराशे त्यात टाकायचे, शिवाय रोजचे सुटे. असे आठ शनिवार. पेंटर विचारायचा, साबणात किती? मी म्हणायचो, साबणच नाही. आत्या, आयुष्यात पहिल्यांदा मला पैसे नसल्याचं समाधान मिळत होतं.

पण नाण्याला वजन असतं हे माझ्या ध्यानात आलं नाही. (तुझ्या नियमांतही नव्हतं.) महिनाअखेरीला हेडबाई कुलूपबंद वस्तू पुन्हा तोलतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तीनशे चौदा काट्यावर ठेवला तर एक किलो तीनशे दहा. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला, काट्याला टिचकी मारली. मला विचारलं, “पाहुणे, हे सातशे चाळीस तुम्हीच लिहिलंत?” मी म्हणालो, हो, हवामान असेल. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात ‘हवामान’ असं लिहिलं. पुढच्या महिनाअखेरीला तो दोन किलो एकशे नव्वद भरला. काका म्हणाले, “बाई, आत काहीतरी जिवंत आहे.” आणि डब्याला कान लावला. त्यातच भंगारवाला आला होता, लिलावात जो पाच-पाच फळ्या एकदम उचलतो तो. त्याने डबा उचलून कानाशी हलवला, आतून खणखणाट झाला, आणि त्याच्या तोंडावर जे हसू आलं ते मला अजून दिसतं. म्हणाला, “हा आपला. जिवंत असला तरी आपला.” बाईंनी त्याच्या हातून डबा घेतला आणि आपल्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. शेऱ्यात लिहिलं, ‘वजन वाढते आहे. देखरेखीखाली.’

तेव्हापासून डबा कपाटात आणि मी बाहेर. शेऱ्याखाली लिलावाची तारीख लागली आहे. आज डब्याचा एकोणऐंशीवा दिवस, अठ्ठावीसला नव्वद भरतात, एकोणतीसला लिलाव, तीसला तुझा चष्मेवाला. मी सगळे रस्ते बघून झाले. खरं सांगून टाकावं, तर न सापडलेली वस्तू सापडली म्हणून नोंदवणं ही आमच्याकडे नोकरीवरून काढायची बाब आहे, आणि डबा तरी सुटेल याची खात्री नाही. नोकरी सोडून द्यावी, जे मला सगळ्यात चांगलं जमतं, तर फलकावर बारीक अक्षरात आहे की सोडून गेलेल्यालाही एक वर्ष हक्क नाही. (असं कुणी केलं असेल म्हणून हा नियम घातला? कोण असेल तो? त्याच्याशी मला दोन शब्द बोलायचे आहेत.) लिलावात मीच बोली लावावी, तर माझेच बारा हजार सोडवायला मला भंगारवाल्याच्या वर बोलावं लागेल, आणि वहीत ते कुठल्या कप्प्यात लिहायचं, किरकोळ आठ? पेंटरला मालक म्हणून उभा करावा, तर फलकात आहे, ‘कर्मचाऱ्यासह एका छताखाली राहणाऱ्यास’ चालत नाही. त्याला हे सांगितलं तर तो उदास झाला. म्हणाला, “मी तर माझा समजूनच बसलो होतो.”

तर अशी सगळी गंमत आहे. तुझ्या पाच नियमांतून मी काय शिकलो म्हणशील तर एवढंच, की पैसा वाचवणं एकवेळ जमतं, पण वाचलेला पैसा परत मिळवणं हे वेगळं शास्त्र आहे आणि त्याची वही कुणी मला दिलेली नाही. बाकी क्षेम. औषध वेळेवर घे. टोपली ओढताना डाव्या पायावर भार देऊ नको. चष्मेवाल्याला माझा नमस्कार सांग आणि आणखी थोडं थांब म्हणावं, पण काय झालं ते सांगू नको.

तुझा भाचा,
(सध्या) खिडकी क्रमांक दोन

ता. क. पाकीट बंद करायच्या आधी एक राहिलं. फलकावरचं ते वाक्य मी पुन्हा वाचलं. ‘एका छताखाली.’ तू आणि मी एका छताखाली राहत नाही. मी घर सोडून गेलो त्याचा कुणाला तरी उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ. तर गुरुवारी चोवीसला तुझं दुकान बंद असतं, त्या दिवशी सकाळच्या गाडीने इथे ये, खिडकी एकवर हेडबाईंसमोर उभी राहा आणि सांग की माझा डबा हरवला आहे. गुडघ्याचं माझ्या लक्षात आहे, आमचं ऑफिस तळमजल्यावर आहे, एकही पायरी नाही. तू खोटं बोलणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून त्याचाही विचार केला. ते पैसे मी तुला देईन म्हणालो त्या दिवसापासून तुझे आहेत. म्हणजे तुझी वस्तू आहे, ती तुझ्याजवळ नाही, आणि ती कुठे आहे हे तुला आजपर्यंत माहीत नव्हतं. याला हरवणं नाही तर काय म्हणायचं? तू निवांत विचार कर, पण चोवीसच्या आत कर.

ता. क. वर्णन पाठ करून ये. निळा, गलबत, शिडाला पोचा, पोटात फट, पितळी कुलूप. किल्ली पेंटरकडून कालच मागून घेतली, ती याच पाकिटात चिकटवतो आहे. ती हिरवी आहे कारण पेंटरने ती नीट राहावी म्हणून रंगाच्या डब्यात ठेवली होती. चालते. मी आपल्या खोलीच्या कडीला असंच एक कुलूप आहे त्यात घालून बघितली. (त्या कुलपाला ती लागली, याचा मला जरा घोर लागला आहे. असू दे.) वजन विचारलं तर माझ्याकडे तीन आहेत, सातशे चाळीस, एक किलो तीनशे दहा आणि दोन किलो एकशे नव्वद. हरवताना होतं ते सांगायचं की आत्ता आहे ते, यावर माझं एक मत होत नाही. मधलं सांगावं का?

ता. क. आताच डिंक मागायला हेडबाईंच्या टेबलाशी गेलो होतो. त्यांनी मान वर न करता डिंक दिला आणि म्हणाल्या, “आत्याबाईंना लिहा, दोन ते तीन येऊ नका, मी जेवायला असते. माझ्या मागे दुसरं कुणी वजन केलं तर मला सही करता येत नाही. आणि शेवटचं वजन सांगायचं, मधलं नाही.” मी त्यांना पत्र कुणाला चाललंय ते सांगितलं नव्हतं. आत्या आहे हेही नाही, वजनाचंही नाही. मी विचारलं, बाई, म्हणजे तुम्हाला… तर म्हणाल्या, “मला काय माहीत आहे ते रकान्यात नाही. मालक येईल, वर्णन सांगेल, सही करेल, डबा नेईल. नियम माझ्या आधीपासूनचा आहे, मी तो वाकवणार नाही. तुम्ही फळ्या पुसा.” मी फळ्या पुसल्या. त्या रागावल्या आहेत की नाहीत हे मला सांगता येणार नाही, तू आलीस की तूच बघ. तुम्हा दोघींचं पटेल असं मला वाटतं, आणि त्याचीच थोडी भीतीही वाटते.

ता. क. बाई ‘आत काय आहे’ असंही विचारणार. नुसतं ‘पैसे’ म्हणू नको, उत्तर अपुरं धरतील. ‘पैसे आणि चिठ्ठ्या’ म्हण. चिठ्ठ्या म्हणजे काय तर, ती फट मी पैसे आत जायला पाडली होती, पण लोणी लावायची सुरी घातली तर नोट बाहेरही येते हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. दर वेळी मी तुझा पहिला नियम पाळला आहे, जेवढे घेतले तेवढ्याची चिठ्ठी लगेच आत टाकली आहे, तारखेसकट. ‘चाळीस घेतले, परत करणार.’ ‘दीडशे घेतले, कारण नंतर लिहितो.’ अशा किती आहेत ते मला नक्की आठवत नाही. एक वाजवायच्या पेटीची आहे. वर मी बारा हजार जमलेत म्हणून जे लिहिलं ते आत गेलेल्यांचं लिहिलं. बाहेर आलेल्यांची बेरीज डब्यातच आहे, आणि डबा कपाटात, म्हणून ती मला करता आलेली नाही. कपाट बंद झाल्यानंतरच्या दोन शनिवारांचे चोवीसशे मी तुला हातात द्यायला बाजूला ठेवले होते. त्यातले सातशे आहेत. बाकीचे बाजूला आहेत, पण कुठल्या ते शोधतो आहे.

ता. क. गाडीभाड्याची तरतूद माझ्या वहीत नाही, ते तुला तुझ्याकडून करावं लागेल. आणि आत्या, यंदा मला हिशोबात धरणार असशील तर धर. बारा लिहू नको, नऊ लिही. आणि पेन्सिलीने लिही.